कापशीने खूर आपटला

फार पूर्वी, एका सकाळी, हिमालयातल्या एका कड्यावर ऊन पडलं आणि रानबकऱ्यांचा कळप उठला. रात्रभर बर्फ पडला होता. पोटात कावळे ओरडत होते, आणि गवत होतं उताराच्या पलीकडे.

कळपाची रीत अशी, की म्होरक्याच्या मागे सगळ्यांनी चिकटून चालायचं. त्या कळपातल्या कापशी बकरीचं करडू टिंबू तर आधीच धावत सुटलं. तिने त्याला दातांत शेपटी धरून मागे ओढलं. तिला आई आठवली. उतार ओलांडण्याआधी आई पुढचा खूर आपटून कान द्यायची, आणि छोटी कापशी तिच्या उबदार पोटाखाली उभी राहून ऐकायची. किती निर्धास्त वाटायचं तेव्हा!

कापशीने खूर आपटला. खालून ‘ढप्प’ असा पोकळ आवाज आला.

“भावजी, वरचा बर्फ घट्ट आहे, पण खालचा साखरेसारखा सुटा झालाय. भार पडला की सगळा घसरेल. वळसा घालू या.”

म्होरक्या हसला. “वहिनी, आईनं तुम्हाला अगदी भित्रं करून ठेवलंय! वळशात दुपार होईल.”

“होऊ दे. माझं लेकरू मी नाही पाठवणार. आधी तुम्ही एकटे जाऊन बघा.”

तो ऐटीत निघाला. थोडं पुढे जातो न जातो तोच बर्फाला तडा गेला आणि अख्खा उतार गडगडत दरीत कोसळला. म्होरक्या एका खडकाला अडकला, मानेपर्यंत गाडलेला. सगळ्यांनी खुरांनी उकरून त्याला बाहेर काढलं.

“वहिनी,” तो धापा टाकत म्हणाला, “सगळेच आलो असतो, तर उकरायला कोण उरलं असतं?”

कापशी टिंबूला चाटत होती.

“शेजारच्या कड्यावरही आया-लेकरं आहेत, भावजी. आधी खूर आपटून ऐका, आणि उतारावर सगळे एकदम जाऊ नका, एवढं त्यांच्यापर्यंत पोचवा कुणीतरी.”