वीसचे अठरा

"मग आवाज तुटतो कशाने, बुवा?"

श्रीरंगने हे तिसऱ्यांदा विचारलं. शहरातली नेटवर्कची नोकरी सोडून तो मठात शिष्य म्हणून आला होता. आल्या दिवशीच त्याने मठाच्या लिनक्स संगणकावर फायरवॉलचे, म्हणजे इंटरनेटवर आधी कुणाला सोडायचं याचे, नियम नव्याने लिहिले. मठाच्या दवाखान्याला पहिला नंबर, वसतिगृहाला दुसरा, प्रवचनांच्या व्हिडिओंना शेवटचा.

तरी गेल्या गुरुवारी गजराबाईंच्या छातीचे ठोके इंटरनेटवरून शहरातल्या डॉक्टरपर्यंत धड पोचले नाहीत. आज अकराला पुन्हा तसंच झालं, तर त्यांना जीपमधून सहा तास न्यावं लागणार होतं. तेवढा प्रवास त्यांना झेपेल, असं कुणी म्हणत नव्हतं.

गजराबाई दवाखान्यातल्या बाकावर बसल्या होत्या. "डॉक्टर म्हणतो, ठोके ऐकू येत नाहीत. मी काय मेले?"

सोमगिरीबुवा हसले नाहीत. संन्यास घेण्याआधी ते टेलिफोनच्या तारा जोडत.

"नियम बरोबर आहेत?"

"एकूण एक. तुमच्या तारांसारखं नाही हे, बुवा."

"नसेल. लाइन केवढी?"

"बाहेर जायला वीस एमबी. मी पुरे वीस दिलेत. थेंब वाया जात नाही."

"नंबर लावलेस, म्हणजे रांग असणार. दाखव."

श्रीरंगने पडद्यावर आकडे काढले. रांगेत शून्य. पुन्हा काढले. शून्यच.

"रिकामी आहे..."

"आणि आवाज तुटतो."

"हो."

"मग गर्दी कुठे आहे?"

श्रीरंगची नजर भिंतीवरच्या डब्याकडे गेली. लाइन त्यातूनच बाहेर जात होती.

"आपल्या पुढे... इंटरनेट कंपनीच्या डब्यात."

"तो डबा गजराबाईंना ओळखतो?"

"नाही. तिथे सगळे एकाच रांगेत."

बुवांनी कीबोर्ड ओढला. वीस खोडले, अठरा लिहिले.

"अहो, लाइन वीसची आहे!"

"म्हणून दोन कमी. आता गर्दी आपल्याच दारात अडेल, तुझ्या नियमांपाशी." बुवांनी एंटर दाबलं. पडद्यावरची रांग भरू लागली. प्रवचनं मागे राहिली, वसतिगृह मागे राहिलं. दवाखाना पुढे गेला.

अकराला डॉक्टर पडद्यावर आला. डोळे मिटून त्याने बराच वेळ ठोके ऐकले.

"स्वच्छ येतायत. बाईंना हलवू नका. गोळी बदलून देतो."

गजराबाई पदर सावरून उठल्या आणि चहा मागायला गेल्या.

श्रीरंग खाली मान घालून उभा होता. तरी त्याच्याने राहवेना.

"बुवा, ते दोन एमबी... ते मिळाले कुणाला?"

"कुणालाच नाही. म्हणून बाईंना वाट मिळाली."