राजाने फोडलेला पाट

एका राज्यात विकटसेन नावाचा राजा होता, आणि तो भलता संशयी होता. जेवायला बसण्याआधी पाट उचलून खाली बघायचा. खाली काय असणार? जमीनच. तरी रोज बघायचा.

त्याच्या लेकीच्या, मृगावतीच्या हळदीला भिवाई चेटकीण आली. आहेर म्हणून फणसाच्या लाकडाचा पाट घेऊन आली. राजाला वाटलं, आत काहीतरी भरलंय. भर मांडवात त्याने कुऱ्हाडीने पाट फोडला. आतही लाकूडच निघालं.

"लाकूडच बघायचं होतं ना तुला?" भिवाई म्हणाली. "मग बघ."

मृगावतीच्या पायांची बोटं लाकडाची झाली. मग घोटे.

"उतारा सांग," राजा म्हणाला.

"ज्यांच्यावर संशय घेतलास, अशा तिघांकडे जा. ते मांडतील त्या पाटावर खाली न बघता बस. तिसरी मी. लाकूड गळ्याच्या वर जायच्या आत ये."

एवढं बोलून ती धूर झाली.

राजा निघाला. मृगावतीची साळुंकी वाट दाखवायला त्याच्या खांद्यावर बसली. कुठेही असली तरी तिला मालकीण दिसायची. राजाला वाटलं, हीसुद्धा भिवाईचीच असेल.

पहिलं घर गंगू सैपाकिणीचं. राजाने तिला विषाच्या संशयावरून हाकललं होतं. पाटावर बसून ती भाकऱ्या थापत होती. उठली आणि तोच पाट तिने पुढे सरकवला. राजा वाकला, मग सावरला.

"बसा की, महाराज. फार तर एखादं झुरळ मरेल."

राजा बसला. झुरळ मेलं.

मग तुरुंग. तिथे सेनापती हैबत फितुरीच्या संशयावरून कोंडलेला. त्याच्याकडे एकच पाट, तोच उशाला घ्यायचा. त्याने तो मांडला.

"खाली सुरी ठेवली असशील," राजा म्हणाला.

"सुरी असती तर मी इथे राहिलो असतो का?"

राजा बसला.

"छातीपर्यंत आलं," साळुंकी म्हणाली.

भिवाईच्या गुहेत एका बिळावर पाट झाकण म्हणून टाकला होता, वर धोंडा. तिने धोंडा काढला. पाट थरथरला. खालून फुत्कार आला.

"खाली काय आहे?"

"नाग."

"खोटं बोलतेस?"

"तुझं तू ठरव."

"गळा गेला!" साळुंकी ओरडली.

राजाने मांडी घातली. खालून पाट राजासकट उचलला गेला, आदळला आणि निवांत झाला.

"ऊठ. आता बघ हवं तर," भिवाई म्हणाली.

राजाची बोटं पाटाच्या कडेपर्यंत गेली. त्याने हात मागे घेतला.

"मला नाही बघायचं. लेक कशी आहे तेवढं सांग."

"तिलाच विचार जा."

घरी मृगावती पुन्हा हाडामांसाची झाली होती, भिंतीला धरून उभी होती. राजाने हैबतला सोडवलं, गंगूला परत मुदपाकखान्यात आणलं. मग स्वतःच्या हाताने पाट मांडला. भोवती रांगोळी काढली, तीही वाकडी.

"बस, बाळ."

मृगावतीने पाटाकडे पाहिलं, मग बापाकडे.

"तुम्ही मांडलात, आबा?"

"मीच."

ती उभीच राहिली. पंगत ताटकळली, भात निवला, राजा मान खाली घालून थांबला.

मग ती बसली. गंगूने वाढायला घेतलं.

त्या पाटाने राजाच्या लेकीला सुखरूप बसवलं, तसा तुमच्या घरचा पाट तुम्हाला बसवो.