पंधराव्या किलोमीटरवरचे घर

एकदा एका व्यापाऱ्याने वयाच्या चोपन्नाव्या वर्षी जाहीर केले की आपण अर्धी मॅरेथॉन चालणार, आणि त्याच्या घरातल्या कोणीही ताटावरून मान वर केली नाही.

त्याचे बाजारपेठेत तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान होते. तीस वर्षे गादीवर मांडी घालून बसणे हाच त्याचा व्यवसाय, आणि व्यायामही तेवढाच. माणूस सज्जन, हौशी आणि सदा उत्साही. फक्त त्याचा उत्साह शेवटपर्यंत पोहोचत नसे. तरुणपणी पेटी शिकायला घेतली, ती दुसऱ्या रागापाशी थांबली. मग पोहायला जाऊ लागला, तर पाणी गार म्हणून महिन्याभरात ते सुटले. बाहेरून परीक्षा देऊन पदवी मिळवायची होती. तिची पुस्तके कपाटात अजून नवीकोरी होती. दर वेळी त्याची पत्नी शालन मायेने म्हणे, "राहू द्या हो, किती दमता." आणि तो राहू देई.

"एकवीस किलोमीटर असतात, बाबा," त्याची लेक केतकी म्हणाली. "पण तुमच्यासाठी बरोबर आहे. सगळं अर्ध्यावर सोडणाऱ्याला अर्धी मॅरेथॉनच शोभते."

घरचे सगळे हसले. तोही हसला, पण मनात हिशेब करू लागला. चोपन्न वर्षांत आपण सुरू करून संपवलेली एकही गोष्ट त्याला आठवेना. हेही अर्धेच राहिले तर यापुढे आपण काही सुरूसुद्धा करणार नाही, हे त्याला त्या क्षणी स्वच्छ कळले आणि त्याची त्याला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शाळेच्या मैदानावर गेला. तिथे त्याचे जुने कवायतीचे गुरुजी रोज काही मंडळींना चालवत असत. गुरुजी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. बोलणे मोजके, पाठ ताठ, आणि गळ्यात शिट्टी. ती ते कधी वाजवत नसत, पण तिच्यामुळे मंडळी वेळेवर येत. त्यांच्या त्या चमूत निवृत्त परिचारिका नलूताई होत्या, एक शिंपी होता, दोन बँकवाले होते. सगळेच पन्नाशीच्या पुढचे, आणि सगळ्यांचेच गुडघे आपापल्या परीने बोलणारे.

"गुरुजी, मला एकवीस किलोमीटर चालायचंय," व्यापारी म्हणाला.

"चल," गुरुजी म्हणाले, आणि त्याला मैदानाच्या दोन फेऱ्या मारायला लावल्या.

चार महिन्यांत दोन फेऱ्यांचे पाच किलोमीटर झाले, पाचाचे दहा झाले. चमूतले लोक मोठे प्रेमळ होते. कोणाच्या पायात गोळा आला की शिंपी खाली बसून पोटरी चोळून देई. कोणी सकाळी आला नाही तर नलूताई सरळ त्याच्या दारात जाऊन उभ्या राहत, मग तो माणूस दाढी अर्धी ठेवून बाहेर पडे. व्यापाऱ्याचे पोट दोन बोटे आत गेले. बाजारपेठेत लोक त्याला 'आज किती?' असे विचारू लागले, आणि तोही पितळी घंगाळे पुसता पुसता 'बारा' असे सहज बोलल्यासारखे सांगू लागला.

आता शर्यतीचा रस्ता कसा होता, ते सांगायला हवे. मैदानापासून निघून कालव्याच्या काठाने, माळ ओलांडून पुन्हा गावात यायचे, आणि गावातून जकात नाक्याचा चढ चढून, वळसा घालून मैदानात परतायचे. गावात शिरताना, बरोबर पंधराव्या किलोमीटरला, रस्ता व्यापाऱ्याच्या घरावरून जात असे. अगदी फाटकाला चाटून.

तीन आठवडे आधी सगळ्यांनी त्याच रस्त्यावर अठरा किलोमीटरचा सराव ठेवला. व्यापारी पंधराव्या किलोमीटरला पोहोचला तेव्हा फाटकात वेताची खुर्ची मांडलेली होती. शेजारी घंगाळात मीठ घातलेले कोमट पाणी होते. शालनच्या हातात पोह्यांची ताटली, केतकीच्या हातात लिंबूसरबत, आणि म्हातारी आत्या पंखा घेऊन उभी. "बसा हो दोन मिनिटं," शालन म्हणाली. तो बसला, पाय पाण्यात सोडले, आणि मग उठलाच नाही. पुढचे तीन किलोमीटर चमू त्याच्यावाचून चालला.

दहा दिवस आधी पुन्हा सराव झाला. पुन्हा खुर्ची, पुन्हा घंगाळ, आणि या वेळी पोह्यांऐवजी साबुदाण्याची खिचडी. पुन्हा तो उठला नाही. गुरुजी त्या दिवशी मागून चालत आले, फाटकात थांबले, सगळे दृश्य पाहिले, आणि खिचडीच्या दोन ताटल्या खाऊन गेले. जाताना खिचडीची तारीफ मात्र मनापासून केली.

शर्यतीचा रविवार उजाडला. चालणाऱ्यांना चार तासांची मुदत होती. सकाळी सहाला सुटलेल्याने दहाच्या ठोक्यापर्यंत मैदानात आत यायचे. त्यानंतर दारात आडवा दोर ओढणार आणि नाव यादीत येणार नाही. गुरुजींनी चमूला ओळीत उभे केले. "नलू, तू याच्याबरोबर चाल," एवढेच ते म्हणाले. "बाकीच्यांनी आपापल्या चालीने जा. आणि कोणी कोणाला उपदेश करू नका."

पहिले दहा किलोमीटर आनंदात गेले. कालव्याकाठी गार वारा होता. रस्त्याकडेचे लोक टाळ्या वाजवत होते, आणि व्यापारी त्यांना लग्नघरातल्या वरबापासारखा हात जोडत चालला होता. माळावर मात्र ऊन चढले. डाव्या टाचेला फोड आला. त्याने पुढच्या किलोमीटरच्या खांबाकडे पाहायचे सोडले आणि घराकडे पाहायला सुरुवात केली. घर अजून दिसत नव्हते, पण खुर्ची दिसत होती. आता आणखी तीन, मग पाण्यात पाय. आता आणखी दोन, मग सरबत. या हिशेबाने तो पावणेनऊला आपल्या गल्लीत शिरला आणि फाटकापाशी आला.

फाटकाला कुलूप होते.

खुर्ची नव्हती, घंगाळ नव्हते. खिडक्या बंद. ओसरीवर चपलासुद्धा नव्हत्या. त्याने फाटक हलवून पाहिले. "शालन," त्याने हाक मारली. "अगं केतकी." आतून काही उत्तर नाही. आधी त्याला वाटले, आत्याला काही झाले की काय. मग फाटकावर अडकवलेली चिठ्ठी दिसली. तिच्यावर केतकीच्या अक्षरात एवढेच होते: 'सगळे ठीक आहोत. घरी कोणी नाही.'

तेव्हा त्याला संताप आला, आणि डोळ्यांत पाणीही आले. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस घरात माणसे असतात, आणि नेमके आज नाहीत. "तीस वर्षं या घरासाठी राबलो," तो मोठ्याने म्हणाला, "आणि आज एक पेलाभर पाणी नाही. या घरात माझी किंमत शून्य आहे." गल्लीतल्या दोन बाया थांबून बघू लागल्या.

नलूताईंनी आपल्या कमरेची बाटली पुढे केली. त्याने दोन घोट घेतले. त्यांनी त्याची नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि म्हणाल्या, "तब्येत उत्तम आहे. राग जरा जास्त आहे. काय करता, शेठ? इथं पायरीवर बसता, की पुढं जाऊन त्यांना जाब विचारता?"

"जाब विचारणार," व्यापारी म्हणाला, आणि तरातरा चालू लागला.

रागाने माणूस किती वेगाने चालतो हे त्या सकाळी बाजारपेठेने पाहिले. टाचेचा फोड तो विसरला होता. वाटेत तो शालनला काय बोलायचे त्याची मनात उजळणी करत होता. तिसऱ्या उजळणीला ते बरेच धारदार झाले होते. दोन किलोमीटर कसे सरले हे त्याला कळलेही नाही. मग जकात नाक्याचा चढ समोर आला. राग ओसरला, आणि पाय पुन्हा जड झाले.

आणि नाक्यापाशी, भर उन्हात, त्याचे सगळे घर उभे होते. शालन, केतकी, आणि शेजारच्या मुलीच्या स्कूटरवर मागच्या सीटवर आत्या. बसायला काहीच नव्हते. शालनच्या हातात फक्त पाण्याचा तांब्या होता. तो तिच्याजवळ येऊन थांबणार, तोच ती चालू लागली. साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात रोजच्याच चपला. तांब्या तिने चालता चालता त्याच्या हातात दिला.

"अगं, थांब ना जरा," तो म्हणाला.

"चालता चालता प्या," शालन म्हणाली. तिचा आवाज जरासा कापत होता. "थांबायचं नाही आज."

सगळी उजळणी फुकट गेली. तो पाणी प्यायला आणि चालू लागला. एका बाजूला नलूताई, दुसऱ्या बाजूला शालन, मागून केतकी, आणि आत्याला मागे बसवलेली स्कूटर शेजारच्या मुलीने हळूहळू चालवत आणली. चढावर धाप लागून थांबलेला शिंपी त्यांना भेटला; तोही या घोळक्यात शिरला. आत्याने स्कूटरवरून सगळ्यांना एकेक खडीसाखरेचा खडा वाटला. शेवटच्या किलोमीटरला तर ही शर्यत आहे की लग्नाची वरात, असा रस्त्यावरच्या लोकांना प्रश्न पडला असेल. मैदानाच्या दारातून व्यापारी आत शिरला तेव्हा घड्याळात दहाला दोन मिनिटे कमी होती.

गळ्यात पदक पडले. शिंप्याने त्याला मिठी मारली. केतकीने वाकून नमस्कार केला, आणि उठताना तिचे डोळे लाल दिसले. व्यापारी मैदानाच्या कडेला गवतावर बसला. गुरुजी तिथेच कडुनिंबाखाली उभे होते.

"गुरुजी," तो म्हणाला, "माझ्या घराला कुलूप कोणी लावलं?"

"मी लावायला सांगितलं," गुरुजी म्हणाले. "काल तू दुकानात असताना जाऊन सांगून आलो."

"पण का? मी पंधरा किलोमीटर चालून आलो होतो. पाणी तरी मिळायला नको होतं का?"

गुरुजी त्याच्या शेजारी गवतावर बसले. "दोन्ही सरावांना मी तुझ्या मागं होतो. माळावर आलास की तुझी नजर बदलायची. तू शर्यत चालत नव्हतास, तू घरी चालला होतास. तुझे पाय पंधरापुरतेच निघाले होते, कारण पंधराव्याला सगळं सुख मांडून ठेवलेलं होतं. तुझ्या माणसांच्या प्रेमात काहीच उणं नव्हतं. ते फक्त चुकीच्या जागी उभं होतं. मी ते दोन किलोमीटर पुढं नेऊन ठेवलं, एवढंच. तुला खरोखर काही झालं असतं तर नलू तुला तिथंच बसवणार होती; तिला तशी सूचना होती."

व्यापाऱ्याने पदक उलटेसुलटे करून पाहिले. मग म्हणाला, "एवढंच होतं तर मला फार अवघड गेलं नाही म्हणायचं."

"तुला नाही गेलं," गुरुजी म्हणाले. "हिला विचार."

शालन गवतावर चपला काढून बसली होती. तिच्या अंगठ्याचे कातडे सोलवटले होते. ती मान खाली घालून म्हणाली, "समोरच्या काकूंच्या गच्चीवर होते मी. तुम्ही फाटक हलवलंत तेव्हा हातात सरबताचा पेला होता माझ्या. तुम्ही हाक मारलीत. ओ द्यायला तोंड उघडलं होतं मी, केतकीनं हात धरला. तुम्ही पुढं गेलात तशा आम्ही मागच्या वाटेनं स्कूटरवरून नाक्यावर आलो."

"म्हणजे मी जे बोललो ते..."

"सगळं ऐकलं. किंमत शून्य आहे, तेही." ती हसली, पण पदराने डोळे पुसावे लागले तिला. "इतकी वर्षं 'राहू द्या, दमलात' म्हणत आले. मला वाटायचं, यातच सगळी माया आहे. आज पहिल्यांदा तुमची तहान पाहून गप्प उभी राहिले. माझाच जीव तहानला हो."

आपल्या पेटीचा, पोहण्याचा, त्या कोऱ्या पुस्तकांचा दोष व्यापाऱ्याने मनातल्या मनात कधीकधी तिच्यावर ढकलला होता, हे त्याला आठवले आणि लाज वाटली. कारण 'राहू द्या' म्हणणारी ती असली, तरी राहू देणारा तोच होता.

"चूक झाली माझी," तो सगळ्यांदेखत म्हणाला. गुरुजी उठून पलीकडे गेले.

पुढच्या महिन्यात शालनही चमूत आली. पहिल्या दिवशी कालव्याकाठचे तीन किलोमीटर ठरले होते. दोन झाले आणि ती दमून थांबली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, मी इथंच बसू का जरा?"

व्यापाऱ्याच्या ओठांवर 'बस की' आले होते, कारण तिचा चेहरा त्याला बघवत नव्हता. त्याने ते शब्द गिळले. मग तो दहा पावले पुढे गेला, वळून तिच्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि ती येईपर्यंत तिथून हलला नाही.