नागव्वाने घेतलेलं नाव

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या मुरूमवाडीत पाणी नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. पाणी होतं ते डोंगरापलीकडे. ते आणायला तिम्मा आणि नागव्वा हे दगड फोडणारं वडार जोडपं गावात आलं. तिम्मा डोंगराच्या पोटात भुयार खणायचा, नागव्वा मातीच्या पाट्या बाहेर आणायची. असं म्हणतात की तिम्माची पहार पडली की खडक लोण्यासारखा सुटायचा.

नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं तेव्हा बायका मानत. नागव्वानं तिम्माचं नाव कधी ओठांवर आणलं नाही. ती त्याला 'धनी'च म्हणायची, दुसरा शब्द तिच्या तोंडी नव्हता. आता मेख अशी, की डोंगरावरच्या आपल्या देवालाही सारं गाव 'धनी'च म्हणायचं. एवढ्याशा शब्दानं घात केला.

जत्रेचा दिवस होता. जत्रेला कुदळ-पहार चालवायची नाही, हत्यारांची पूजा करायची, असा रिवाज. तिम्माची पहार आतच राहिली होती. ती पूजेला आणायला तो भुयारात शिरला आणि मागे छत कोसळलं.

नागव्वानं हातांनी दगड ओढले. नखं तुटली, पण दगड हलेनात. तेवढ्यात आतून ठोका आला. तिम्मा जिवंत होता! ती तशीच, मोकळ्या केसांनी, डोंगरावर देवळाकडे धावली. भुयार त्या देवळाखालूनच जात होतं.

"धनी खाली हायती!" ती ओरडली. "माजं धनी ठोकाय लागल्यात! आयका की वो!"

लोकांनी भुईला कान लावले. खरंच, खालून ठक् ठक् येत होतं. जत्रेला काम बंद, तेव्हा भुयारात माणूस असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही.

"बाईच्या अंगात आलंय," पुजारी म्हणाला. "धनी जागं झालं!"

आणि ढोल घुमले. नागव्वावर भंडारा उधळला गेला, बायका तिच्या पाया पडू लागल्या.

"खणा! धन्याला भाईर काढा!" ती हंबरडा फोडत होती.

"देवाला कुदळ लावायची व्हय?" पुजारी म्हणाला. "देव आपल्या पायानं वर येतो."

आपल्या गावाला देव लगेच ऐकू येतो, माणूस मात्र उशिरा. कुणी वाईट नव्हतं हो, सगळे आनंदात होते. त्या आनंदात ठोके बुडाले.

ढोलवाले दमून थांबले तेव्हा नागव्वानं पुन्हा भुईला कान लावला. एक ठोका आला, अगदी बारीक. मग काहीच आलं नाही. तेव्हा तिनं आकाश फाटेल अशी आरोळी दिली.

"तिम्माऽऽऽ!"

ढोल पुन्हा वाजले नाहीत. गावाला कळलं. मग साऱ्यांनी रडत रडत भुई फोडली, पुजाऱ्यानंही. असं म्हणतात की आत तिम्मा नव्हताच. खडकात पहार उभी होती आणि तिच्या मुळाशी पाणी उसळत होतं. मरता मरता त्यानं झरा फोडला होता.

गावाला पाणी मिळालं. नागव्वानं त्याचा थेंबही घेतला नाही. ती भुयाराच्या तोंडाशी बसून नवऱ्याला नावानं हाका मारायची, आणि आतून तेच नाव परत यायचं, तिच्याच आवाजात. "आदी न्हाई घेतलं," म्हणायची. "घेतलं असतं तर जीभ झडली असती काय माजी?" भुयाराच्या त्याच तोंडाशी तिनं जीव सोडला.

म्हणून मुरूमवाडीत उखाणा नाही. वरात भुयारापाशी आली की वाजंत्री गप्प होतात. नवी नवरी खाली उतरते, आत तोंड करून नवऱ्याला नुसत्या नावानं हाक मारते. एखादी लाजून पुटपुटते. मग मागून कुणीतरी म्हातारी ओरडते, "मोठ्यानं घे गं बाई! ढोल वाजत्यात आसं समजून घे!"