मामांच्या नावावरची बॅग

दिल्लीला भाचीचं लग्न. दिगंबरराव नवरीचे मामा, त्यामुळे पुण्याच्या विमानतळावर त्यांचा रुबाब काय विचारता! लग्नाचा सूट त्यांनी कुरिअरने आधीच पुढे पाठवला होता. कुमुदवहिनींच्या साड्यांनी फुगलेल्या दोन बॅगा बघून ते मोठ्याने म्हणाले, "वहिनी, जग कुठे चाललंय आणि तुम्ही अजून ओझी वाहताय! मी बघा, कसा मोकळा निघालोय."

तेवढ्यात काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, वजन जास्त होतंय."

"होऊ दे की," वहिनी म्हणाल्या. "तिकिटं एकत्रच आहेत आणि भाऊजींच्या वाटचं वजन रिकामंच जातंय. दुसरी बॅग त्यांच्या नावावर टाक."

दिगंबररावांना नाही म्हणता येईना.

लग्नाची सकाळ उजाडली. मामाने नवरीला बोहल्यावर न्यायची वेळ झाली, गुरुजी हाका मारू लागले, आणि मामा अजून प्रवासातल्या चुरगळलेल्या टी-शर्टात! कुरिअर नागपुरातच अडकलं होतं.

"वहिनी, काहीतरी करा हो!"

वहिनींनी ती दुसरी बॅग त्यांच्यापुढे सरकवली.

"घाबरताय कशाला, भाऊजी? तुमच्याच नावावर आली आहे. उघडा, आणि आवडेल ती नेसा!"