साळुंकीची दोन घरटी

मुलांनो, एका नदीच्या दोन काठांवर दोन जंगले होती. अलीकडच्या जंगलात एक साळुंकी राहत असे. या जंगलाला एका गोष्टीचा भारी अभिमान होता. इथे सिंहाला कोणीही काहीही बोलू शके. रोज सकाळी खडकावर चढून ससेसुद्धा त्याला आळशी म्हणत. सिंह जांभई देई आणि ऐकून घेई.

मग सगळे पोटासाठी अस्वलाच्या मधाच्या कोठारात कामाला जात. पोळ्यांवरच्या मुंग्या टिपणे हे साळुंकीचे काम. कामाच्या वेळेत कोणी उडून जाऊ नये, म्हणून प्रत्येक पाखराचे पंख दारातच वेलीने बांधले जात. एके दुपारी साळुंकीने पाहिले, समोरच्या झाडावर धामण चढत होती. तिथल्या ढोलीत साळुंकीची अंडी होती.

"अस्वलदादा, गाठ सोडा हो! आत्ता जाऊन आत्ता येते!"

"संध्याकाळी सोडीन. आज तुला सोडले, तर उद्या चिमणीलाही सोडावे लागेल," अस्वल बोटे चाटत म्हणाले.

संध्याकाळी ढोलीत काहीच उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी साळुंकी खडकावर चढली आणि अस्वलाचे नाव घेऊन ओरडू लागली. कावळ्याने तिला अडवले. "अगं बाई, इथे सिंहाबद्दल बोलायचं! कोठार ही अस्वलाची घरची बाब आहे. पटत नसेल तर दुसरं काम बघ. तू स्वतंत्र आहेस ना?"

साळुंकी नदी ओलांडून गेली. तिथे एका गव्याच्या अंगावरच्या गोचिड्या वेचायचे काम तिला मिळाले. गवा मनाने भला होता. "अंडी उबवायची आहेत? मग जा की! गोचिड्या कुठे पळून जातात?" असे तो म्हणे. यथावकाश अंड्यातून पिल्लू बाहेर आले, उडू लागले, बोलू लागले.

या जंगलात वाघाचे राज्य होते. वाघ जवळून गेला, की सगळ्यांनी मान झुकवून म्हणायचे, "अहाहा, चंदनाचा वास!" एके दिवशी वाघ आला. सगळ्यांनी माना झुकवल्या. पिल्लू खालच्या फांदीवरून मोठ्याने म्हणाले, "आई, चंदन कुठे? याला तर कुजक्या मांसाचा वास येतोय!"

वाघाने मागे वळूनही पाहिले नाही. त्याच्याबरोबरच्या कोल्ह्याने उडी मारली, पिल्लू तोंडात धरले आणि तो चालू लागला.

साळुंकीने टाहो फोडला. गवा घाईघाईने जवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, हवी तेवढी रजा घे. पावसाळा संपेपर्यंत येऊ नकोस. पण मोठ्याने रडू नकोस. त्यांना ऐकू जाईल."

तेवढ्यात जुन्या जंगलाच्या काठावरून कावळा ओरडला, "बघा, बघा! आमच्याकडे निदान रडता तरी येतं!"

तोंड पुसत कोल्हा काठावर आला. "आणि आमच्याकडे रजा मिळते, म्हटलं! तुमच्याकडे मिळते का?"

दोघांचे भांडण चांगलेच रंगले. दोन्ही काठांवर ऐकणाऱ्यांची गर्दी जमली, टाळ्या पडल्या. रिकामी घरटी मात्र दोन्ही काठांवर एकट्या साळुंकीचीच होती.

तात्पर्य : शेजाऱ्याच्या पायातली बेडी दाखवून जो आपल्याला स्वतंत्र म्हणतो, त्याच्याच हातात आपल्या बेडीची किल्ली असते.