फटीएवढं दार

रानातले सगळे एकमेकांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. बेहड्याच्या ढोलीत धनेशीण अंडं उबवत होती. दार चिखलाने लिंपलेलं; नवऱ्याला फळं भरवता येतील एवढीच फट उघडी.

एका दुपारी उदमांजर धापा टाकत आलं. "वहिनी, दादांचा पंख मोडलाय! तुम्हाला बोलावलंय. भिंत फोडा, लवकर उडत चला!"

भिंत फोडायला तिने चोच उगारलीसुद्धा. मग थबकली. 'मी पिसं गाळून बसलेय, मला उडता येत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. मग ते बोलावतील कसे?'

"भावजी, नीट ऐकू येत नाही. जवळ या." उदमांजराने फटीला नाक लावलं मात्र, चोचीचा असा टोला बसला की ते थेट करवंदीच्या जाळीत!

संध्याकाळी धनेश धडधाकट परतला. सगळं ऐकून त्याला राहवेना. "उघड गं, एकदा बघू दे तुला!"

"तुम्हालासुद्धा नाही," ती ठसक्यात म्हणाली. "उंबर फटीतूनच द्या."